गरीब हाय, लाथ मारत न्हाय

"उपाशी? आमच्या घरातली सून उपाशी? कोण म्हणतंय त्यानं पुढं यावं!"

राजारामपुरीतल्या दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर आमची आई पदर खोचून ओरडत होती आणि खालच्या मजल्यावर कोचिंग क्लासमधलं भौतिकशास्त्र जागच्या जागी बंद पडलं होतं. आईचा आवाज म्हणजे काय सांगू, ती उचगावात भाजीवाल्याला हाक मारते तेव्हा हायवेवरचे ट्रक ब्रेक लावतात. टेबलामागच्या नर्सनं बिचारीनं एवढंच विचारलं होतं, "पेशंट उपाशीपोटी आहेत ना?" आणि माझ्या बायकोनं मान हलवली होती, हो म्हणून.

"खोटं बोलतीया ही! सकाळी तांब्याभर दूध पाजलंय मी हिला. धारोष्ण! त्यावर दोन भाकऱ्या, लोण्याचा गोळा घालून. माझ्या हातानं! उपाशी म्हणं!"

नर्सनं पेन खाली ठेवलं. "आजी, मग आज होणार नाही."

"का व्हणार न्हाय? पोटाला घालून आणलीया, तशीच न्हाय आणली."

"औषध चालू असताना उलटी झाली तर धोका असतो. म्हणून तर कागदावर लिहून दिलं होतं."

कागद माझ्या खिशात होता. मी तो घरी मोठ्यानं वाचलासुद्धा होता. पण आमच्या घरातून दवाखान्याला जाणारं माणूस उपाशीपोटी उंबरा ओलांडत नाही. आमच्याकडची तिरडीसुद्धा जेवून निघते अशी गावात ख्याती आहे. आई म्हणाली, कागद लिहिणाऱ्याला पोट नसंल. मी म्हटलं, दुधानं काय होतंय. बायकोनं तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला. त्या दिवसांत तिच्यापुढं काहीही धरलं तरी ती तसंच करायची. नको म्हणायलाही माणसात काहीतरी शिल्लक असावं लागतं.

"परत कवा?" तिनं नर्सला विचारलं.

"परवा या."

"परवा," ती म्हणाली आणि तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. परवा म्हणजे कुठलं तरी लांबचं गाव आहे आणि तिथवर चालत जायचं आहे, असा तिचा चेहरा झाला होता. आई तिच्या शेजारून उतरत म्हणाली, "दूध वाया न्हाय गेलं. अंगाला लागंल."

मी दुधाच्या कट्ट्यावरचा माणूस. रोज संध्याकाळी दोन म्हशी टेम्पोत घालून उचगावातून शहरात आणायच्या, कट्ट्यावर उभ्या करायच्या, आणि गिऱ्हाइकाच्या पेल्यात त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची. वर बोटभर फेस. दूध घरबसल्या पिशवीतही मिळतं, पण लोक माझ्याकडं दुधासाठी येतच नाहीत, माझ्या तोंडासाठी येतात. गगनबावड्याच्या घाटात वाघ बघून माझ्या म्हशीनं तीन दिवस ताक दिलं, ही हकीकत ऐकायला एक वकील इचलकरंजीहून गाडी काढून यायचे. पाचव्यांदा ऐकताना त्यांनी विचारलं, "वाघ होता का बिबट्या?" मी म्हटलं, "साहेब, वाघच हुता. बिबट्या बघून ती नुसतं दही देती."

दोघींतली थोरली म्हस फार मानी. माझ्या हाताला ती धार देत नसे. मी कासेला हात लावला की पान्हा वर चोरून घ्यायची आणि मान वळवून माझ्याकडं असं बघायची, की जणू मी तिचं दोन महिन्यांचं भाडं थकवलंय. माझ्या बायकोनं मात्र पाठीवर थाप मारून "सोड गं बाई" म्हटलं की दूध असं यायचं, की नळ परवडला. म्हणून बायकोही रोज टेम्पोत. ती खाली बसून धार काढायची, मी उभा राहून बोलायचो. अकरा वर्षं.

माझी आरोळी ठरलेली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून: "या पावणं, या! गरीब हाय, लाथ मारत न्हाय!" आणि गर्दी जमली, रंग भरला, की तोच हात उचलून बायकोच्या डोक्यावर ठेवायचा: "ही बी गरीब हाय. ही बी लाथ मारत न्हाय." रोज एकदा. एकदाच, कारण विनोद कुठं थांबवायचा ते मला कळतं. लोक रोज हसायचे. ती पेल्यातल्या फेसाकडं बघत राहायची. मला वाटायचं लाजली.

दोन वर्षांपूर्वी ती थांबली. एकदम नाही, जनावर आटत जातं तशी. आधी हसणं गेलं, त्याचा मला पत्ताच लागला नाही, कारण आमच्या घरात हसण्याचं खातं माझ्याकडं. मग वेणी घालणं गेलं. मग टेम्पोत बसणं. मग गोठ्यात जाणं. शेवटी ती भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागली आणि मी जेवायला हाक मारली की त्या भिंतीलाच "व्हय" म्हणायची. आईनं लिंबं उतरून टाकली, इतकी की आमच्या कोपऱ्यावर वाटसरू सरबत करून प्यायचे. पुतण्यानं शहरातल्या डॉक्टरकडं नेलं, गोळ्या चालू झाल्या. चार दिवस बरी, पुन्हा भिंत. गोळ्या बदलल्या. पुन्हा भिंत.

आणि थोरल्या म्हशीनं पान्हा चोरला. आता खरं सांगायचं तर बायकोचं दुखणं मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"मालकीण दिसंना कुठं?" कट्ट्यावर लोक विचारायचे.

"सरकारी नोकरी लागली तिला," मी सांगायचो. "झोपायची. पर्मनंट हाय. आता पेन्शन घेऊनच उठणार."

हशा. एक जण म्हणाला, "अरे मर्दा, मग म्हशीला इंजेक्शन मार की पान्ह्याचं."

"छ्या! तसल्यानं जनावराचं वाटोळं होतंय," मी म्हणालो, आणि खरोखर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हशीच्या बाबतीत मी फार हळवा आहे.

मग कळंब्याच्या तळ्याचा तो दिवस. भर दुपारी. ती कुणाला न सांगता बसमध्ये बसून तिथवर गेली. पाण्याच्या कडेला बसलेली एका फिरायला आलेल्या माणसाला दिसली. चपला काढून शेजारी जोडून ठेवलेल्या. एकीला एक लावून, देवळाबाहेर ठेवतात तशा. त्या माणसाला काहीतरी कळलं. तो तिच्याशी बोलत बसला, तिच्याकडून नंबर घेतला आणि मला फोन केला. मी मोटारसायकल घेऊन गेलो, त्या माणसाला "उपकार झाले" म्हटलं, आणि तिला मागं बसवून कळंब्यापासून उचगावापर्यंत तिच्यावर ओरडत आलो. प्रत्येक सिग्नलला लोक बघायचे. ती माझ्या शर्टाला धरून बसली होती. घरी आल्यावर आईनं तिच्या चपला वैरणीत लपवल्या. चपला नसल्या तर बाई कुठं जाणार, असा त्यातला हिशोब.

संध्याकाळी कट्ट्यावर मी सांगितलं, "आमची मंडळी तळ्याचं माप घ्यायला गेलती. पाटबंधारे खात्यात बदली झालीया." हशा जरा कमी पडला, म्हणून मी वाघाची हकीकत सांगितली.

शेजारच्या अक्कांनी ते ऐकलं. अक्का म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई. जैन, सत्तरीच्या घरातल्या, बोलणं मोजकं. तराजूत टाकावं तसं बोलतात, दाणा जास्त पडला तर परत काढून घेतील. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या गोठ्यात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"तुझ्या तोंडाला दावं नाही का रे बांधता येत?"

"काय झालं अक्का?"

"माझा धाकटा तीन वर्षं दुकानात का येत नव्हता, तुला ठाऊक आहे?"

"बेंगळूरला हुता न्हवं?"

"वरच्या खोलीत होता. पडून. तुझ्यासारख्यांना बेंगळूर सांगितलं." त्यांनी गोठ्याच्या दाराकडं एकदा बघून घेतलं. "गोळ्यांनी होईना तेव्हा राजारामपुरीत एका डॉक्टरीणबाईंकडं नेला. केटामाइन म्हणून औषध आहे. सलाईनमधून हळूहळू देतात, दवाखान्यातच, माणूस शेजारी बसवून. आता दुकानात बसतोय, तुला दिसतोय. तिला घेऊन चल. आणि हे तू कुणाला सांगितलंस तर तुझ्या म्हशीची सरकी पेंड दुसरीकडं बघ."

ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पेंड महत्त्वाची.

त्याच आठवड्यात म्हशीला बघायला गुरांचे डॉक्टर आले होते. त्यांना मी औषधाचं नाव सांगून विचारलं तर ते म्हणाले, "हे आम्ही घोड्या-कुत्र्यांना भूल द्यायला वापरतो की!" झालं. आईला घोडा तेवढा ऐकू आला. डॉक्टरीणबाईंसमोर पहिल्याच भेटीत मी टेबलावर हात आपटून म्हटलं, "बाई, घोड्याचं औषध आमच्या मंडळींना?"

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण घाबरेनात. म्हणाल्या, "माणसांनाही भूल देताना वापरतात, पूर्वीपासून. इथं मात्रा पुष्कळ कमी. ही जादू नाही. काहींना लागू पडतं, काहींना नाही, आणि लागू पडलं तरी टिकवावं लागतं. गोळ्या चालू राहतील. आधी तपासण्या, मग आठवड्यातून दोनदा असं सहा वेळा करून बघू. मध्येच सोडायचं नाही." मग त्या बायकोकडं वळल्या. "तुम्हाला चालेल?"

बायको खाली बघून म्हणाली, "व्हय." भिंतीला म्हणते तसंच.

"सोबत एक माणूस लागेल. घरी न्यायला, आणि आत बसायला. शांत बसणारं." इथं अक्कांनी माझ्याकडं बघितलं, आणि डॉक्टरीणबाईंनी अक्कांकडं. "औषध चालू असताना पेशंट काहीही बोलतो. कधी रडतो, कधी हसतो. ते या खोलीतून बाहेर जायचं नाही."

"शब्द दिला," मी म्हणालो. माझ्याकडं शब्द भरपूर असतात, एक दिल्यानं काही कमी पडत नाही.

तर पहिल्या वेळी तांब्याभर दुधानं घात केला तो असा. परवाच्या दिवशी मी आईला शेतावर धाडली आणि बायकोला उपाशी नेली.

खोलीत पडदे ओढलेले. तिच्या हाताला सलाईन, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला चिमटा, आणि उशाशी ते हिरवे आकडे दाखवणारं मशीन. एक भूल देणारे डॉक्टर, एक नर्स. मी कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर. पाऊण तास तोंड बंद. माझ्या आईच्या पोटातसुद्धा मी एवढा वेळ गप्प बसलो नसेन. खालून कोचिंग क्लासच्या सरांचा आवाज येत होता, गुरुत्वाकर्षण समजावत होते.

बराच वेळ काही नाही. मग तिचे ओठ हलायला लागले. आवाज इतका बारीक की मला खुर्ची पुढं ओढावी लागली.

"या पावणं," ती म्हणाली. "गरीब हाय. लाथ मारत न्हाय."

माझा सूर होता तो. माझा हेल, माझं थांबणं, "हाय"वरचा माझा झटका. अकरा वर्षं खाली बसून तिनं तो पाठ केला होता. मला हसू आलं, दाबलं.

"ह्यो हात," ती म्हणाली. मग थोडा वेळ नुसता श्वास. "म्हशीच्या पाठीवर हाय का माझ्या, कळंना." डोळे मिटलेलेच. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघून कानात उतरलं. "दावं सोडा की कुणीतरी. पेंड नको. दावं सोडा."

एवढंच. आणखी दोनदा "दावं सोडा", आणि मग ती शांत पडली. नर्सनं कापसानं तिचा कान टिपला. तासाभरानं तिला जरा मळमळलं, पाय लटपटत होते, मी धरून खाली आणलं. टेम्पोत बसल्यावर तिनं विचारलं, "मी काय बोलले का?"

"काय न्हाय," मी म्हणालो.

आईला समोरच्याचं रिकामं पोट सहन होत नाही आणि मला माझं भरलेलं. त्या संध्याकाळी कट्ट्यावर मी पंधरा मिनिटं कळ काढली. सोळाव्या मिनिटाला, देवाशपथ, माझं तोंड आपोआप उघडलं.

"पावणं, आज माझी बायको म्हस झाली!"

पेले जागच्या जागी थांबले. आणि मी सुटलो. सांगितलं, की सुई टोचली आणि तिनं असा हंबरडा फोडला, असा, की खालच्या क्लासमधली साठ पोरं बेंचखाली गेली आणि शेजारच्या दाताच्या दवाखान्यात एकाची दाढ न उपटता पडली. पलंगावरनं उतरून चार पायांवर झाली. डॉक्टरनं शिंगं धरायला हात पुढं केला. नर्सकडं बघून म्हणाली, पेंड आण, सरकीची! रवंथ करत करत जिना उतरली. राजारामपुरीच्या चौकात पोलिसानं मला अडवलं, म्हणाला, जनावराची पावती दाखव. हे सगळं मी हातवारे करून, हंबरून, शेपटी म्हणून उपरणं फिरवून सांगितलं. लोकांच्या नाकातून दूध आलं. एक जण खाली बसला आणि उठेना. एकानं विचारलं, "मर्दा, म्हशीचं इंजेक्शन वैनीला आणि वैनीचं म्हशीला असं झालं न्हाय न्हवं?" त्या दिवशी धाकट्या म्हशीचं सगळं दूध अर्ध्या तासात संपलं. अशी हकीकत मला आयुष्यात पुन्हा जमली नाही.

दुसऱ्या वेळेनंतर ती उठली.

मी वाढवून सांगत नाही, वाढवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. सकाळी मी गोठ्यात गेलो तर ती तिथं आधीच उभी. केस विंचरलेले. वेणी नव्हती, नुसते मागं बांधलेले. पाय अनवाणी, चपला वैरणीतच होत्या. तिनं थोरल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "सोड गं बाई." कासंडीत पहिली धार वाजली तेव्हा आई चुलीपुढून उठून दारात आली आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीच बोलली नाही. अक्का भिंतीपलीकडून बघत होत्या. बायकोनं कासंडी भरली, फेस बोटानं बाजूला सारून बघितला, आणि म्हणाली, "कट्ट्यावर कवा निघायचं?"

दोन वर्षांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी वेडा झालो. म्हशीच्या गळ्यात घुंगरू बांधले, टेम्पो धुतला, वाटेत तिच्यासाठी गजरा घेतला. ती खिडकीतून दुकानं बघत होती. एका ठिकाणी म्हणाली, "हितलं रसवंतीगृह गेलं व्हय?" मी म्हटलं, "कधीच गेलं." ती म्हणाली, "मला ठाऊकच न्हाय."

कट्ट्यावर माझी नेहमीची वीस-पंचवीस माणसं. तिला बघून सगळे खूश झाले, हे खोटं नाही. "आल्या, आल्या, मालकीण आल्या!" एकानं तिच्या बसायला पाट पुसून दिला. ती बसली, थाप मारली, पहिला पेला धरला. आणि गर्दीच्या मागून कुणीतरी, प्रेमानंच, हंबरलं.

हळूच. मग शेजारचा. मग सगळेच. वकील, रिक्षावाले, तालमीतली पोरं, पंचवीस बापये गळा काढून हंबरायला लागले, आणि मध्येच एक ओरडला, "पेंड आणा रे वैनींना, सरकीची!" आणि दुसरा, माझ्या सुरात, अगदी माझ्या झटक्यासकट: "गरीब हाय! लाथ मारत न्हाय!"

सगळ्यात आधी मी हसलो. हे लिहून ठेवलं पाहिजे. सवयीनं हसलो. लोक हसले की माझं तोंड त्यांच्या आधी उघडतं.

तिनं वर बघितलं. लोकांकडं नाही, माझ्याकडं. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल. तिनं अर्धा भरलेला पेला खाली जमिनीवर ठेवला, सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी, आणि उठून टेम्पोत जाऊन बसली. म्हशीनं पान्हा वर घेतला. पेल्यात अर्धं दूध तसंच राहिलं. ज्याचा पेला होता तो म्हणाला, "आमचा राहिला की अर्धा."

तिसऱ्या वेळेचा दिवस उजाडला तेव्हा ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून होती.

"ऊठ, वेळ व्हायला लागली."

काही नाही.

"अगं ऊठ की. सहा म्हणाल्यात बाई. दोनच झालीत."

आई पाणी घेऊन आली, तसंच परत नेलं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "जरा थट्टा झाली." त्या म्हणाल्या, "मी त्यांना ओढून आणू शकत नाही. पण नेमकं आत्ता सुटलं तर मला काळजी वाटेल. त्यांना एकटं सोडू नका." मी वैरणीत हात घालून बघितलं. चपला तिथंच होत्या.

त्या संध्याकाळी मी म्हशी न घेता कट्ट्यावर गेलो. टेम्पोच्या फळीवर चढून उभा राहिलो आणि ओरडलो, "ऐका! ती हंबरली न्हाय! चार पायांवर झाली न्हाय, पेंड मागितली न्हाय. आजारी हाय ती. सगळं मी रचलंय. खोटं हाय!"

वकीलसाहेब टाळी देत म्हणाले, "बघा, बघा, आता बिबट्याचं दही काढतंय हे!"

"खरं सांगतोय, मर्दानो!"

"व्हय व्हय. वैनी हंबरल्या न्हाईत. गायल्या!"

"आईशपथ खोटं हाय ते!"

"ह्यो खोटं बोलतोय म्हणून ह्योच सांगतोय," तालमीतलं एक पोरगं पोट धरून म्हणालं, "आता कुणाचं खरं मानायचं रं?" आणि ते पुन्हा हंबरले. मी रडायला लागलो तर त्याला टाळ्या पडल्या. एकानं पाठ थोपटून सांगितलं, "आजची सगळ्यात भारी झाली."

घरी आलो तर अक्का बायकोच्या अंथरुणाशेजारी बसलेल्या. अक्का तांदूळ निवडत होत्या, ताट मांडीवर घेऊन. मी दारात उभा राहून म्हणालो, "मी सगळ्यांस्नी सांगून आलोय. खोटं हुतं म्हणून."

अक्कांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला. "उद्या सकाळी नऊला मी येते," त्या मला नाही, तिला म्हणाल्या. "हा आत येणार नाही. जिन्यावर पाय ठेवणार नाही. मी बाईंशी बोललेय."

भिंतीकडून आवाज आला, "चपला कुठायत माझ्या?"

मी वैरणीतून चपला काढल्या. भुसकट झटकलं, फडक्यानं पुसल्या, आणि उंबऱ्यावर जोडून ठेवल्या. जोडून ठेवल्यावर मला तळं आठवलं, म्हणून परत तिरक्या केल्या.

सकाळी आईनं दुधाचा तांब्या भरला, दारापर्यंत आणला, आणि अक्कांकडं बघून स्वतःच पिऊन टाकला.

मी टेम्पो चालवला तेवढंच. त्या दोघी जिना चढून वर गेल्या. अक्कांनी जिन्याच्या तोंडाशी वळून माझ्याकडं बोट केलं, कुत्र्याला "बस" म्हणतात तसं, आणि मी बसलो. खाली रस्त्याकडेला, टेम्पोच्या सावलीत. क्लास सुटला, पोरं सायकली घेऊन गेली, दुसरा क्लास भरला. ते सर गुरुत्वाकर्षण संपवून प्रकाशावर आले होते. वर त्या खोलीत ती काय बोलत असेल, कुणाच्या सुरात बोलत असेल, ह्या विचारानं माझं डोकं फुटायची वेळ आली. पाऊण तास झाला, तास झाला, दोन झाले.

मग त्या आल्या. तिनं अक्कांचा दंड धरला होता, डोळे अर्धवट, पण पाय एकेक पायरी नीट शोधत होते. चपला पायात होत्या. मी दार उघडलं, पाण्याची बाटली दिली. अक्का मागं चढत होत्या तेवढ्यात, मी ठरवलं होतं विचारायचं नाही, तरी विचारलं.

"आज काय दिसलं गं? काय बोललीस?"

तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि समोर रस्त्याकडं बघत म्हणाली, "तुमास्नी सांगण्यासारखं काय न्हवतं."